गप्प बसलेली तोफ

दुर्बीणकाका हे गल्लीने ठेवलेलं नाव. खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं. तरुणपणी लढाईत ते एका छोट्या, कापडी पंखांच्या विमानात मागच्या सीटवर बसत. हे विमान बॉम्ब टाकत नसे की गोळ्या झाडत नसे. सायकलवरून रमतगमत निघालेल्या माणसासारखं ते आपल्याच बाजूच्या आभाळात घिरट्या घालत राही, आणि आपल्या तोफेचा गोळा कुठे पडला ते काका वरून बघून रेडिओवर सांगत. शंभर पुढे, पन्नास मागे, थोडं डावीकडे. पहिलाच गोळा निशाण्यावर पडतो यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. एक मुद्दाम पलीकडे टाकायचा, एक अलीकडे, मग मधलं अंतर निम्मं निम्मं करत नेम धरायचा, ही त्यांची रीत.

पुढे तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढले, पण ही रीत काही सुटली नाही. चहात साखर आधी जास्त पडायची, मग वरून पाणी, मग पुन्हा साखर. "यांना एक कप चहा करायला तीन कप चहा लागतो," असं काकू येईल त्याला सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

त्या काकूंना सहा आठवड्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. मानेने हो-नाही जमे, तेही चार-दोन प्रश्नांपुरतं, मग थकून डोळे मिटून घेत. उभा जन्म जिने नवऱ्याला एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं, ती आता त्याच्या वाक्याची वाट बघत बसायची. काकांना घर खायला उठे.

तरी त्यांनी कंबर कसली. अंग पुसणं, कपडे बदलणं, चमच्याने भरवणं, सगळं ते शिकले. पण त्यांचा खरा अभिमान होता तो काकूंच्या केसांचा. कमरेपर्यंतचे, दाट, आता पांढरेशुभ्र. शिकाऊ उड्डाणांच्या दिवसांत एकदा वैमानिकाला गळ घालून त्यांनी विमान स्वतःच्या घरावरून नेलं होतं, तेव्हा गच्चीवर केस वाळवत बसलेली बायको त्यांना तेवढ्या उंचीवरूनही ओळखू आली होती. ते केस आता रोज सकाळी आठ वाजता ते स्वतः विंचरत. काकूंना खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, आणि गुंता सोडवत सोडवत घट्ट वेणी घालायची. वेणी चांगली जमायला लागली होती.

आणि नेमक्या त्याच वेळी काकू रडायच्या. रोज. डावा हात वर करून हवेत हलवायच्या, तोंडाने "ते... ते..." एवढंच यायचं.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बुधवारी ती आली, समोरच हा प्रकार बघितला आणि तिचा जीव तुटला.

"बाबा, आई रोज अशी रडते?"

"काहीतरी सांगायचंय तिला."

"तिचे हाल होतायत. तुमचेही. शुश्रूषागृहात जागा मिळतेय. सोमवारी सकाळी गाडी येईल, मी सांगून ठेवलंय."

"आणि तिला काय म्हणायचंय ते मला कळलं तर?"

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. ऐंशी वर्षांचा बाप, खांद्यावर ओला टॉवेल. "तर बघू. पण सोमवारपर्यंतच हं बाबा."

काका कामाला लागले. हात खिडकीकडे जातो, म्हणजे निशाणा खिडकीबाहेर आहे, हा त्यांचा पहिला अंदाज. गुरुवारी काकूंचा हात वर गेला तसा त्यांनी कंगवा खाली ठेवला, कपाटातून दुर्बीण काढली आणि खिडकीत उभे राहिले. समोरची इमारत? पाण्याची टाकी? त्यापलीकडची शाळा, जिथे काकूंनी वीस वर्षं मुलांना गणित शिकवलं? काकूंनी मान हलवली, नाही. पण एक झालं, त्यांचं रडणं थांबलं.

रडणं थांबलं म्हणजे आपण जवळ आलो, असं काकांनी धरलं. आनंदाने त्यांनी लगेच नेम लांब नेला. शुक्रवारी काकूंच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. ती दोनशे मैलांवर. बहीण फोनवर पोटभर रडली, काकू शांतपणे ऐकत राहिल्या, आणि शेवटी मान हलवली, नाही. मग काकांनी नेम अलीकडे आणला. कोपऱ्यावरची शिंपीण? खालच्या मजल्यावरचं मांजर? मांजरसुद्धा उचलून वर आणलं. त्याने काकांना ओरबाडलं तेव्हा काकू हसल्यासारख्या झाल्या, पण तोही निशाणा नव्हता. सहा आठवडे तीच खिडकी, तीच बाई, तोच माणूस, आणि हा गृहस्थ डोळ्यांत तेल घालून क्षितिज धुंडाळतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

शनिवारी सकाळी त्यांनी अर्धा तास खिडकीत काढला. काकू गप्प होत्या. काहीच हाती लागेना, तेव्हा सुस्कारा सोडून ते मागे आले, कंगवा उचलला आणि केसांत घातला. काकूंच्या घशातून तोच रडवेला "ते... ते..." निघाला.

काकांचा हात जागच्या जागी थांबला.

लढाईतली एक सकाळ त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. शत्रूची एक तोफ त्यांच्या डोळ्यांदेखत गप्प झाली. दहा मिनिटं वाट बघून त्यांनी 'तोफ संपली' असं कळवलं आणि विमान उतरवायला लावलं. चाकं जमिनीला टेकली नाहीत तोच ती पुन्हा धडधडायला लागली. विमान वर असताना डागली तर धूर दिसेल, जागा कळेल, म्हणून ती नुसती दबा धरून बसली होती. खंदकातली आपली तीन माणसं त्या सकाळी गेली. गप्प बसलेली तोफ म्हणजे संपलेली तोफ नव्हे, हे काका त्या दिवशी शिकले ते जन्मभरासाठी. निदान त्यांना तसं वाटत होतं.

कारण काकू गप्प व्हायच्या त्या निशाणा जवळ आला म्हणून नव्हे. काका कंगवा खाली ठेवायचे म्हणून.

ते वळसा घालून पुढे आले आणि गुडघे करकरत तिच्यासमोर खाली बसले. कंगवा दाखवला.

"हा?"

काकूंनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

"दुखतं?"

हो.

"अगं, पहिल्या दिवसापासून?"

हो. आणि मग तिने डावा हात त्यांच्या गालावरून फिरवला, कारण आता रडत होते ते काका. अशा आजारात डोक्याची कातडी हुळहुळी होते, नुसता स्पर्शही बोचतो, हे त्यांना नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या क्षणी त्यांना एवढंच कळलं की ज्या गोष्टीत आपण सगळी माया ओतत होतो, तीच हिला रोज सकाळी सोसावी लागत होती, आणि आपण खिडकीत उभे राहून बाहेर बघत होतो.

केसांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "कापू?"

काकूंनी हो म्हणून एवढ्या जोरात मान हलवली की खुर्ची हलली.

काकांनी खांद्यापाशी बोट धरलं. नाही. पार कानाच्या वर नेलं. काकूंनी डोळे वटारले. मानेपाशी आणलं, नाही. कानाच्या पाळीपाशी, हो. कापडं कापायच्या मोठ्या कात्रीने, मुळाला हिसका बसू न देता त्यांनी एकेक बट धरून कापली. पुरा तास लागला. काकू एकदाही रडल्या नाहीत. जमिनीवर पडलेले केस काकांनी एकेक करून गोळा केले.

रविवारी त्यांनी मुलीला फोन केला नाही. सोमवारी ती आईचे कपडे भरायला बॅग घेऊन सकाळी पावणेआठलाच आली आणि दारातच थबकली.

"हे कुणी केलं?"

"मी," काका म्हणाले. "मी विंचरायचो ते दुखायचं तिला. एवढंच सांगत होती."

मुलगी बॅग मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि आठ वाजायची वाट बघू लागली. तिला शब्दावर नाही, डोळ्यांवर भरवसा होता, लेक कुणाची.

आठ वाजले. काकांनी लहान मुलांचा असतो तसा मऊ ब्रश घेतला. केसांवरून तो टेकला न टेकला असा फिरवला. एकदा, दोनदा, चार वेळा. आता विंचरण्याजोगं होतं तरी काय. झालं, म्हणून त्यांनी ब्रश खाली ठेवायला हात मागे घेतला.

काकूंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मुलगी मांडीवरची बॅग बाजूला सारून उठून उभी राहिली.

"अजून," काकू म्हणाल्या.