आत्याचा नवाकोरा गुडघा

नवी वस्तू वापरायची नसते, राखायची असते, या धर्माची संस्थापक, प्रचारक आणि एकमेव भक्त म्हणजे माझी आत्या. त्याला कारण आहे. लातूरकडून आम्ही चिखलीत आलो तेव्हा पत्र्याच्या एका खोलीत सगळं दुसऱ्याचं वापरलेलं होतं. स्टोव्ह, गादी, माझं दप्तरसुद्धा. आत्यानं कंपनीतल्या पोरांसाठी खाणावळ काढली, वर्षानुवर्षं ओट्याशी उभी राहून चपात्या लाटल्या आणि त्या चपात्यांवर मी घराण्यातली पहिली पदवीधर झाले. हे मी कुणी न विचारताही सांगते.

पुढं दिवस पालटले, नव्या वस्तू आल्या. पण आत्याच्या घरात त्यांना जन्मठेप. मिक्सर खोक्यात, चटणी पाट्यावर. सोफ्यावर चादर, चादरीवर जुनी चादर आणि आत्या खाली सतरंजीवर. माझ्या पदवीदानासाठी घेतलेली मोरपंखी रेशमी साडी तिनं त्या दिवशी नेसलीच नाही. "तुझ्या लग्नात नेसीन." लग्नात म्हणाली, "जेवणावळीत डाग पडंल, माय."

अशा बाईला डॉक्टरांनी नवा गुडघा बसवला!

व्यायाम शिकवायला घरी येणारी फिजिओ बजावायची, "आत्या, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबा. मग पाय सरळ उचला. मांडीत ताकद आली नाही तर वॉकर सुटायचा नाही." आत्या तिला चहा पाजायची आणि ती गेली की पाय उशीवर ठेवून तोच टॉवेल त्याच्यावर पांघरायची.

"अगं, हलव की तो!"

"नवा हाय. उगं झिजवू व्हय? कार्यबिर्य निघालं की वापरीन."

शेजारणी आल्या की टॉवेल सारून शोकेसमधल्या बाहुलीसारखं गुडघ्याचं दर्शन घडवायची. मांडी मात्र वाळत चालली.

कार्य निघालं, माझ्या मुलीचं बारसं. आत्यानं मोरपंखी साडी काढायला सांगितली. मी ती उलगडली, आणि ती घडीघडीवर फाटत माझ्या हातात आली. एकदाही नेसलेली नव्हती.

आत्या बराच वेळ त्या चिरांवरून बोट फिरवत राहिली.

"न वापरताच गेली की गं."

मग तिनं गुडघ्यावरचा टॉवेल ओढला. "गुंडाळ हा. कुठं ठेवायचा म्हनली ती पोरगी?"

पहिल्या दिवशी पाय बोटभर उचलला गेला, शिव्या खोलीभर. बारशाला ती वॉकर धरूनच आली, जुन्या सुती साडीत. रेशमीच्या धड तुकड्यांची तिनं बाळाला कुंची शिवली आणि मला दम दिला, "रोज घालायची. मळली तर मळली."

कुंची धुऊन धुऊन पार विटली. आत्या आता काठीशिवाय आमचा जिना चढते.