‘दर्भाचा कावळा’ बँडचे तीन मुखवटे

आमच्या बँडची गाणी चारच, पण बारामतीत जुनी मंडळी भेटली की किस्से काही संपत नाहीत. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो, आणि घरी पोहोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं!

नव्वदच्या दशकात आम्ही तिघं कॉलेजात होतो. मी गिटारवर, सुन्या गायला, कळसचा बापू ड्रमवर. पुण्याच्या एका होस्टेलवरून आलेल्या कॅसेटमध्ये आम्हाला फ्यूनरल डूम मेटल सापडलं. मयताच्या चालीनं सरकणारं संगीत, आणि शब्द घशातून घरघरत येणार. त्याच वर्षी बापूची बहीण शालन डाळजला सासरी जळून गेली. "स्टोव्हचा भडका उडाला," सासरचे म्हणाले. अरे, त्या घरात गॅस होता! स्टोव्ह आला कुठून?

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. "तुज्या आईबापाला बघू," "धाकटीचं लगीन करून दिऊ," जो तो हात जोडून कबूल करत होता. खरं काय झालं ते मात्र कुणी बोलेना. शेवटी शालनच्या सासऱ्यानं दर्भाचा कावळा करवून पिंडाला टेकवला आणि लोक जेवायला उठले. बँडचं नाव तिथंच ठरलं.

*

बापूचे वडील, आबा, म्हणाले, "धाकटी उजवायची हाय अजून. काय बी वाजवा, तोंड दावू नका." म्हणून माझ्या आजोबांच्या काळ्या घोंगडीचे तीन मुखवटे शिवले. भर एप्रिलात तोंडावर घोंगडी! सुन्या गायचा कमी, खाजवायचा जास्त.

*

काटेवाडीत गणपतीत वाजवलं. दोन मिनिटं झाली नाहीत तोच एक कार्यकर्ता ओरडला, "थांबा, थांबा! व्होल्टेज डाऊन हाय!" वायरमनला घेऊन डीपीवर गेला आणि चिडून परत आला. "लाईट फुल हाय की रं! मग तुमीच असं रेंगाळत का वाजिवताय?"

पुन्हा सुरू केलं, तर खालून हाक. "बापू, सायकल हलव, टेम्पो अडकलाय!"

मुखवट्याआड कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. शालनचं काय झालं तेही ठाऊक होतं. सायकलीसाठी तोंड उघडलं, तिच्यासाठी एकानंही नाही!

*

इंदापूरच्या कार्यक्रमाला शालनचा सासराच पाहुणा म्हणून पहिल्या खुर्चीत! आम्ही तिचंच गाणं घेतलं. घरात गॅस होता, मग स्टोव्ह कुणी पेटवला, हे सुन्या वीस मिनिटं घरघरत होता. एक शब्द कुणाला कळला असेल तर शपथ! सासऱ्यानं टाळ्या वाजवल्या, बापूच्या पाठीवर थाप मारली. "ब्येस! आता आमच्या डाळजला या."

बापूनं दोन्ही काठ्या मोडल्या. मी सुन्यावर खेकसलो, "स्पष्ट म्हण की लेका!"

"स्पष्ट म्हणायचं असतं, तर घोंगडी कशाला शिवली?"

मला स्वतःचीच लाज वाटली.

*

डाळजला निघायच्या सकाळी बापूच्या आईनं सुन्याला समोर बसवलं. "काय म्हणतोस त्ये एकदा साधं सांग." त्यानं सांगितलं. तिनं पदर खोचला आणि आमच्याबरोबर टेम्पोत चढली.

आबा दारातून म्हणाले, "अगं, धाकटीचं बघ!"

"तिचंच बघाया चाललीय."

दुपारी मंडप भरलेला. गाणं निम्म्यावर आलं तशी ती स्टेजवर आली, सुन्याच्या हातातला माइक घेतला. "माज्या शालनच्या घरात गॅस हुता. स्टोव्ह कुणी पेटिवला?"

तिनं बापूच्या तोंडावरचा मुखवटा ओढून काढला, खाली उतरली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सासऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"आमची तोंडं झाकून झाली, पाव्हणं. ह्यो आता तुमाला लागंल."