पठारावरचा माणूस आणि मर्व्ह लिंडनर

मर्व्ह लिंडनरने आयुष्यात एक काम धड केलं नाही. नोकरी ग्रेडर चालवायची, म्हणजे वाळवंटातले कच्चे रस्ते सपाट करायची. त्याने सपाट केलेल्या रस्त्यावरून अंडी आणली की घरी पोचेपर्यंत निम्मी फुटलेली असायची. माझ्या पबात वीस वर्षं तो एकाच स्टुलावर बसतोय, म्हणून सांगते, ऐकीव नाही.

अशा माणसाचं नाव झालं ते पठारावरच्या चित्रामुळे. ॲडलेडहून आलेल्या एका वैमानिकाला ते पहिल्यांदा वरून दिसलं. तीन किलोमीटर लांबीचा, हात वर केलेला माणूस, जमीन खरवडून काढलेला. कोणी काढला, कशासाठी काढला, आजतागायत कोणाला ठाऊक नाही. पोलिस आले, पत्रकार आले, दाढीवाले प्राध्यापक आले. माझ्या हातचं मेंढीचं रोस्ट हाणून प्रत्येकाने आपलं डोकं चालवलं आणि चालता झाला. एक शहाणा म्हणाला, परग्रहावरून कोणी आलं असणार. त्याला मी दुसऱ्यांदा ग्रेव्ही वाढली नाही.

"एवढ्या लांब रेघा ओढायला ग्रेडरच लागणार," त्या दिवसांत कोणीतरी बोललं आणि सगळ्यांच्या माना मर्व्हकडे वळल्या.

तो 'नाही' म्हणाला असता तर तिथेच मिटलं असतं. पण हा बाबा गालातल्या गालात हसला, रिकामा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाला, "सगळंच काय बोलून दाखवायचं?"

पुढची अकरा वर्षं त्याने या एका वाक्यावर काढली. आमच्याकडे पाळीपाळीने सगळ्यांना बिअर पाजायची रीत आहे. पाळी चुकवणाऱ्याला गावात कुत्रं विचारत नाही. मर्व्हची पाळी अकरा वर्षांत आली नाही. पर्यटकांच्या बसमधून उतरलेल्या बायका त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायच्या.

"खरं सांगा, तुम्हीच ना?"

"माझ्या तोंडून वदवून घेऊ नका हो," हा म्हणायचा, आणि टोपी तिरकी करायचा. मला शिसारी यायची. ज्याला स्वतःच्या फाटकापर्यंतचा रस्ता सरळ काढता आला नाही, तो म्हणे तीन किलोमीटरचा माणूस काढणार!

गेल्या ऑगस्टात एका दुपारी डल्सीमावशी पबात आली. पठार तिच्या लोकांचं, इथल्या मूळच्या आदिवासींचं, पिढ्यान् पिढ्यांचं. पंचाहत्तरीची बाई, उभं आयुष्य घोड्यावर बसून गुरं हाकलेली. तिच्या लोकांत दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर आधी हाक मारून विचारतात. न विचारता कोणी गेलाच, तर त्याने त्याच जागी उभं राहून चुकलं म्हणायचं, की विषय संपला. पठाराचं कोणी विचारलं नव्हतं, आणि चुकलं म्हणायलाही कोणी आलं नव्हतं.

ती सरळ मर्व्हपुढे जाऊन उभी राहिली.

"तूच केलंस म्हणतात."

"लोक काय, काहीही म्हणतात, मावशी."

"हो की नाही ते विचारत नाही मी. रविवारी सकाळी पठारावर ये. उभा राहा आणि चुकलं म्हण. माझे दिवस भरत आले, मर्व्ह. वर गेल्यावर आमची जुनी माणसं विचारतील, कोणी आलं होतं का म्हणून. काय सांगू त्यांना?"

पब गच्च भरला होता, दोन बसची माणसं. त्यांच्यासमोर नाही म्हणायची त्याची काय टाप? "येईन की," म्हणाला. कोणीतरी टाळ्याही पिटल्या.

रविवारी त्याच्याच गाडीतून मर्व्ह, मावशी आणि मी असे तिघं गेलो. उतरल्यावर तो इकडेतिकडे बघायला लागला.

"कुठाय?"

"काय कुठाय?" मी म्हटलं.

"माणूस."

"त्याच्या गुडघ्यावर उभा आहेस तू."

खालून काही दिसत नाही तिथे. वीतभर खोल चर, उपटलेली झुडपं, उलटेपालटे दगड, बस्स. ज्या जागेच्या जिवावर अकरा वर्षं प्यायला, त्या जागी हा गृहस्थ एकदाही फिरकला नव्हता.

डल्सीमावशीने इस्त्रीचा झगा घातला होता, नवी हॅट घातली होती. तिने आपल्या भाषेत मोठ्याने हाका मारल्या, कोण आलंय ते आपल्या गेलेल्या माणसांना सांगितलं. मग मर्व्हकडे वळली. "बोल."

मर्व्हने टोपी काढली, परत घातली. "मावशी, खरं सांगू? मी नाही केलं. शपथ."

"ठाऊक आहे मला. तो माणूस पठारावर उमटला त्या आठवड्यात तुझा ग्रेडर दोनशे किलोमीटरवर चिखलात रुतला होता. माझ्या भावानेच ओढून काढला."

"मग मला कशाला आणलंस इथे?"

"ज्याने केलं तो कधीच येणार नाही, म्हणून. तू त्याच्या नावावर इतकी वर्षं मिरवलास. त्याच्या नावाने एकदा चुकलंही म्हण. मी ते मानून घेईन. वरच्यांनाही सांगेन, आला होता एक जण."

अकरा वर्षं हा माणूस हौसेने गुन्हेगार होता. गुन्हेगाराची खरी गरज पडली त्या एका सकाळी साहेब निर्दोष झाले. दोन शब्द होते हो! कोणी ऐकायलाही नव्हतं.

त्याने तोंडासमोरून हात हलवला. "माश्या फार आहेत इथे. निघायचं का?"

आणि गाडीत जाऊन बसला.

डल्सीमावशी त्या चराच्या काठावर बसली. हॅट काढून मांडीवर ठेवली. मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात धरला. मागून हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उठले, गाडीपाशी गेले आणि किल्ली काढून घेतली.

"काय चाललंय, व्हॅल?" तो म्हणाला.

"गाव त्या बाजूला आहे," मी म्हटलं. "चालायला लाग."