सरळ ठेवलेल्या चपला

झाशीच्या आमच्या वसतिगृहातल्या त्या वरच्या वर्गातल्या मुलाचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळे त्याला भैयाजी म्हणत. आम्हा नवख्यांना सांभाळायचं म्हणून त्याला वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळे आणि एखादा पळाला तर ती बंद होई. तरी भैयाजी हजेरी कधी घेत नसे. सकाळी कडुलिंबाची काडी चावत, हात पाठीमागे बांधून, तो दारांबाहेरच्या चपला नुसत्या बघत फिरे.

मी भुसावळचा. चौथ्याच दिवशी घरची आठवण असह्य झाली. त्याला चकवायला चपला दाराशी ठेवल्या आणि पहाटे अनवाणीच स्टेशन गाठलं. काय डोकं चालवलं, म्हणून स्वतःवरच खूश होतो. गाडीच्या आधी भैयाजी आला. तोंडात काडी, हातात माझ्या चपला.

“कसं कळलं?” मी रडवेला झालो.

“रोज तेरी एक चप्पल इधर, एक उधर. आज दोनों सीधी रखी थीं.” त्याने चपला माझ्या पायांशी ठेवल्या. “जाना है तो जा. पर पहनकर जा. नंगे पाँव पहुँचा तो अम्मा सोचेंगी, यहाँ कोई देखनेवाला नहीं.”

“और आपका वजीफा?”

“वो मैं देख लूँगा,” म्हणत त्याने काडी दुसऱ्या दाढेखाली सरकवली.

गाडी आली आणि गेली. आम्ही दोघं चहा पीत होतो.

पुढे तो वजीफा मला मिळाला. आता माझे केस पिकलेत. पण कुणाच्या दाराशी चपला फारच नीट लावलेल्या दिसल्या, की मी अजून दार वाजवतो.