गाण्यांमधली मोकळी जागा

अल्बम लावला की बोलायचं नाही, हा आमचा नियम. फोन आला तर घ्यायचा नाही, चहा आला तर कपबशीचा आवाज करायचा नाही, आणि मधलंच एखादं गाणं गाळून पुढं जाणाऱ्याशी संबंधच ठेवायचा नाही. ऑफिसातल्या एकानं गाडी चालवताना असं एक गाणं पुढं ढकललं, तर मी बदनापूरपासून जालना येईपर्यंत त्याच्याशी बोललो नव्हतो. असा मी तिरसट माणूस. माझा दोस्त माझ्यापेक्षा शांत, पण या एका बाबतीत माझ्याइतकाच कडक. जालन्याच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्याचं बियाण्यांचं दुकान आहे, पणजोबांनी राजस्थानातून येऊन टाकलेलं. घरात सकाळी भजनं, दुकानात जुनी हिंदी गाणी, आणि हा बहाद्दर रविवारी दुपारी माडीवर बसून झिंज्या वाढवलेल्या इंग्रज पोरांच्या गिटारी ऐकणार. त्याच्या वडिलांना वाटायचं की मी त्याला नादाला लावलं. माझ्या वडिलांना वाटायचं की त्यानं मला.

कॉलेजात असताना आम्ही औरंगाबादला जाऊन कॅसेटी भरून आणायचो. मूळ कॅसेट घेण्याची ऐपत त्याची होती, माझी नव्हती, म्हणून त्यानंही कधी घेतली नाही. भरलेल्या कॅसेटीला चित्र नाही, नाव नाही. मग नावं आम्हीच ठेवली. ज्यातला गायक विहिरीच्या तळाशी उभा राहून गातोय असं वाटायचं, तो ‘विहीरवाला’. ज्यात ढोल घोड्यासारखा दौडायचा, तो ‘घोडेवाला’. खरी नावं पुढं कळली, पण ती आम्हाला परक्याच्या पोराची वाटली. विहीरवाल्याचं शेवटचं गाणं तर कॅसेट पुरली नाही म्हणून मध्येच तुटायचं. टक्. आता फोनवर ते गाणं पूर्ण वाजतं, पण त्या जागेवर आम्ही दोघंही अजून टक् म्हणतो आणि पुढचा तुकडा दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा ऐकतो.

खरा ऐकणारा ओळखायचा असेल तर गाणं चालू असताना त्याच्याकडे बघू नये. तेव्हा मान कोणीही हलवतो. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी मोकळी जागा असते, तिथं बघावं. अल्बम अंगात मुरलेला असला की त्या शांततेतच पुढच्या गाण्याचा पहिला सूर कानात वाजायला लागतो. माझा दोस्त तो सूर बारीक गुणगुणायचा, आणि मग स्पीकरमधून नेमका तोच यायचा. ही त्याची सवय होती. तिच्यावर मी इतका भरवसा ठेवीन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

होळीच्या आसपास त्याच्या बायकोचा फोन आला. तिला मी लग्नापासून भाभी म्हणतो. ती कधी फोन करत नाही, म्हणून नाव बघून पहिल्याच रिंगला उचलला.

“भाईसाब, हे सकाळी टेंभुर्णीला लग्नाला गेल्ते. केदारखेड्याच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला, की तुमचे शेठ दुपारपासून बाकड्यावर बसून राह्यलेत. कुठं जायचं ते सांगत न्हाईत.”

राजूरला वळायचं सोडून तो सरळ गेला होता. रस्ता चुकतो माणूस. पण त्या रस्त्यावर हा लहानपणापासून बियाणं घेऊन फिरलेला. मी आणि भाभी भाड्याच्या जीपनं जाऊन त्याला घेऊन आलो, येताना त्याची गाडी मी चालवली. तो शेजारी बसून हसत होता. “चहा चांगला हाय तिथला. म्हणून बसलो,” म्हणाला. हॉटेलवाल्यानं मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की चहाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी भाभी म्हणाली, “यांना दवाखान्यात दाखवायचं. डोक्याच्या डॉक्टरला. मी म्हटलं की भडकतात. तुमचं ऐकतील. तुमी फक्त चला म्हणा.”

मला राग आला. कोणाचा ते आता नीट कळतं, तेव्हा वाटलं भाभीचा. एक वळण चुकलं तर लगेच डोक्याचा डॉक्टर. मी म्हणालो, आधी मला बघू द्या. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि त्याच्यासाठी जेवढा, तेवढाच स्वतःसाठी. या गावात ती गाणी दोनच डोक्यांत आहेत. त्यातलं एक रिकामं झालं तर मी टक् कोणाबरोबर म्हणायचं?

म्हणून मी परीक्षा काढली. आमच्यासारख्या वेड्यांनाच सुचेल अशी. त्याला म्हणालो, आपण सगळे अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकू, दर रविवारी एक. त्याचा चेहरा उजळला. “यार, कधीपासून हेच म्हणून राह्यलो मी,” म्हणाला. तो असं कधीच म्हणाला नव्हता.

पहिल्या रविवारी विहीरवाला लावला. मी गाणं ऐकतच नव्हतो, त्याच्या ओठांकडे बघत होतो. पहिलं गाणं संपलं, शांतता झाली, आणि त्यानं पुढचा सूर धरला. बराबर. दुसरं संपलं, तिसरं संपलं, सगळीकडे बराबर. शेवटी तुटायच्या जागी त्यानं माझ्या आधी टक् म्हटलं. मी जिना उतरून भाभीला म्हणालो, बिलकुल ठीक आहे तो, तुम्ही उगाच घोर लावून घेताय. भाभी स्वयंपाकघरात होती. तिनं गॅसची शेगडी दाखवली. बटणं काढून ठेवली होती तिनं. “दोनदा चालू राह्यला,” एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी त्याच्या गाडीच्या डाव्या अंगावर पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडा होता. कोणी घासलं, मी विचारलं. तो ओरखड्याकडे असा बघत राहिला की जणू गाडीही त्याची नव्हती. मग वर गेलो, घोडेवाला लावला, आणि पुन्हा एकही जागा चुकली नाही. मधल्या एका गाण्यात गिटारवाल्याचं बोट तारेवरून निसटतं, कुई असा आवाज येतो, अगदी बारीक. तिथं त्यानं नेहमीसारखं बोट वर केलं. ज्याला ही कुई आठवते त्याला घर, रस्ता, गॅस आठवणार नाही, हे कसं शक्य आहे? गाणं शाबूत म्हणजे माणूस शाबूत, असं माझं साधं गणित होतं.

त्याच दिवशी निघताना त्यानं विचारलं, “काकू कशा हायेत?”

माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिरडीला खांदा देणाऱ्यांत हा पुढं होता. जिन्यात उजेड कमी होता, त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी म्हणालो, “बऱ्या आहेत.” तो म्हणाला, “त्यांच्या हातची धपाटी खायची हायेत एकदा. सांग त्यांना.” मी सांगतो म्हणालो. घरी येऊन हे मी बायकोलाही सांगितलं नाही. सवयीनं निघतं तोंडातून एखाद्याच्या, असं स्वतःला समजावलं. त्या रात्री मला झोप आली नाही, हेही स्वतःपासून लपवलं.

ऊन वाढत गेलं. रविवारी दुपारी मोंढा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं, आणि त्या शुकशुकाटात जिना चढताना मला वर जावंसं वाटेनासं झालं. ज्या माडीवर जाण्यासाठी मी आठवडा ढकलायचो, तिथं आता चोरासारखा जात होतो. दार उघडलं की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायचो. ते मला बघून उजळायचे, पण आधी थोडा वेळ घ्यायचे. तो वेळ दर खेपेला वाढत होता. मग अल्बम सुरू झाला की मात्र तो जुना तोच. मांडीवर ठेका, डोळे मिटलेले, प्रत्येक मोकळ्या जागेत पुढचा सूर तयार. खाली उतरलो की मी भाभीला म्हणायचो, ठीक आहे. ती मान हलवायची. माझ्यावर विश्वास ठेवायची तिची फार इच्छा होती, आणि तेच मला सोसत नव्हतं.

मे महिन्यात त्यानं घनसावंगीला जायचं काढलं. तिथल्या दुकानदारांना पेरणीआधी भेटायचं, हे त्याचं दरवर्षीचं काम. भाभीनं किल्ली लपवली. त्यानं घर डोक्यावर घेतलं. तिनं मला फोन लावून स्पीकरवर टाकलं आणि विचारलं, “भाईसाब, तुमीच सांगा. जाऊ देऊ का?”

मागं तो श्वास रोखून ऐकत होता, मला कळत होतं. परवाच्या रविवारी त्यानं एक सूर चुकवला नव्हता. मी म्हणालो, जाऊ द्या.

संध्याकाळी तो आला, पण नेहमीच्या वेळेच्या फार नंतर. मी त्याच्या घरीच जाऊन बसलो होतो. गाडीच्या पुढच्या जाळीत उसाची पाचटं अडकलेली, चाकांना ओली काळी माती. सगळं रान भेगाळलेलं असताना ओली माती. घनसावंगीच्या दुकानदारांना भाभीनं दुपारीच फोन केले होते. शेठ आलेच नाहीत, म्हणाले. तो हातपाय धुऊन जेवायला बसला. कुठं गेल्ता, तिनं विचारलं, तर म्हणाला, “कामं होती.” तिनं माझ्याकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, “भाईसाब, तिकडं उसाच्या पुढं गोदावरी हाय.”

नदीच्या काठाशी, उसात कुठंतरी, तो गाडी बंद करून बसला असेल आणि किती वेळ बसला असेल, हे डोळ्यांपुढून हलेना. तरी माझा हट्ट सुटला नाही. भाभीला म्हणालो, एक रविवार थांबा. एक अल्बम राहिलाय, आमचा सर्वांत लाडका. त्यात चुकला तर मी स्वतः त्याला घेऊन जातो, नाही चुकला तर मात्र हे खूळ सोडायचं. तिनं पहिल्यांदाच मला उलट विचारलं, “आणि न्हाई चुकले, तर गाडी कशी चुकली?” मी चपला घातल्या.

त्या रविवारी त्यानं दार उघडलं, “या, या,” म्हणाला, आणि मला खुर्ची दिली. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता, दाढी केलेली, मला फार बरं वाटलं. मी अल्बम लावला. भाभी मुद्दाम वर येऊन दाराशी उभी राहिली. मी तिला सांगूनच ठेवलं होतं की मोकळ्या जागेत बघा.

तसं सुंदर त्यानं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, असं मला अजून वाटतं. पहिल्या गाण्यानंतर त्यानं सूर धरला. दुसऱ्यानंतर धरला. ज्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि नवखा माणूस संपलं म्हणून उठतो, तिथं तो हात वर करून थांबला आणि नेमक्या ठोक्याला हात खाली आणला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. मी दाराकडे बघितलं, भाभी पदर तोंडाला लावून उभी होती, आणि मी तिला भुवया उंचावून दाखवलं की बघा. जिंकल्यासारखं वाटलं मला.

शेवटचं गाणं हळूहळू विरत गेलं. पूर्ण शांतता होईपर्यंत तो बोलला नाही. मग माझ्याकडे वळला आणि मोठ्या अदबीनं, दुकानात आलेल्या नव्या माणसाशी बोलावं तसा बोलला.

“तुमाला पण हे आवडतं वाटतं. बरं वाटलं बघून. ह्या गावात हे कळणारा एकच माणूस हाय, माझा दोस्त. दर इतवारला येतो. आज कसा आला न्हाई काय माहीत.” त्यानं जिन्याकडे मान वळवून पाहिलं. “तुमी बसा. चहा घ्या. येईलच आता, मंग तुमची ओळख करून देतो.”

भाभी दारातून हलली नाही. मी त्याच्यासमोर बसून राहिलो. खालून कोणी येतंय का म्हणून तो कान देत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं खरं वाट बघणं होतं की मी त्याला मीच तो, असं म्हणू शकलो नाही.

चहा आला तेव्हा मी भाभीला म्हणालो, उद्या सकाळीच निघू, गाडी मी आणतो. मग त्याला विचारलं, “तुमच्या दोस्ताबद्दल सांगा ना थोडं.” त्यानं कप खाली ठेवला आणि सांगायला लागला.