ताणलेली बाज

मी चौथी शिकले. थोरल्या जावेची नात नांदेडला ग्राफीनवर संशोधन करते आणि माझी नात लातूरला दोन वर्षं शिकवण्या लावून तशीच घरी परतली. मी जळत होते, यात लपवण्यासारखं काही नाही.

संक्रांतीनंतर जावेची नात देवणीजवळ आमच्या गावी आली. शाळेतल्या पोरांना तिला आपलं काम सांगायचं होतं.

"धाकट्या आजी, तुमची बाज द्या. सैल हाय, तशीच पाहिजे."

आधी तिनं अंगणात करून दाखवलं. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचा एका अणूइतका पातळ थर. अणू बाजेसारखे जाळीत विणलेले. तिनं दोऱ्यांच्या खाचेत चिंचोका ठेवला. हा इलेक्ट्रॉन. वरून अंगठ्यानं दाबलं.

"हा प्रकाश. जोर देतो, पण बाजूला सरकवत न्हाई. म्हणून डोळ्यांना न दिसणारा काही प्रकाश शोषलाच जात न्हाई, आरपार जातो."

मग बाजेला थाप मारली. वीण थरथरली, चिंचोका शेजारच्या खाचेत गेला.

"बाजूचा धक्का जाळीनं दिला. आता तोच प्रकाश शोषला जातो."

मला कळलं. जावेला काही कळलं नव्हतं, तरी मलाच म्हणते, "तुझ्या डोक्यात काय शिरलं गं?"

त्याच दुपारी, वीण थरथरूच नये म्हणून, मी पायथ्याची दोरी ओढून बाज टणक ताणली. सैल बाज परक्या दारी धाडत नाहीत, हे कारण तयार ठेवलं. खरं म्हणजे पोरीची फजिती बघायची होती.

शाळेत तिनं थाप मारली. चिंचोका हलेना. पोरं हसली. मागं उभी राहून मलाही बरं वाटलं.

तिनं दोरी दाबून पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"पोरांनो, ही गार पडलेली जाळी समजा. थरथर कमी, तर असा प्रकाशही कमी शोषला जातो. आता तापवू. आजी, या, सैल करा."

सगळ्यांसमोर गाठ सुटेना. शेवटी दातानं ओढली. तिनं पुन्हा थाप मारली, चिंचोका टुणकन उडाला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"बघ, माझ्या नातीनं तुलाबी कामाला लावलं!" जाऊ म्हणाली.

परतताना बाजेचं एक टोक पोरीनं धरलं, दुसरं मी.

"मुद्दाम ताणली ना?"

"हाव."

ती नुसती हसली. चिडली असती तर बरं झालं असतं. एवढं शिकून वर मनही मोठं, याचा मला आणखीच हेवा वाटला.