पंपघराच्या कुंपणावरचा वेल

डरवेंट दरीतल्या आडरस्त्यांवर ग्वेंडा पायबस बावीस वर्षं टपाल वाटत होती. तिच्या नाकामुळे टपालाला तासभर उशीर झाला, असं मात्र त्या मंगळवारी पहिल्यांदाच घडलं.

फेब्रुवारी संपत आला होता आणि त्याबरोबर इथला उन्हाळाही. खाली बुशी पार्कच्या मळ्यांत हॉप्सची, बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची, काढणी सुरू झाली होती आणि सगळ्या दरीला तो ओला, कडवट वास सुटला होता. त्या वासाकडे इथलं कुणी लक्ष देत नाही. पण रॅन्सलीबाईंच्या पेटीत वर्तमानपत्र टाकायला ग्वेंडाने व्हॅनची काच खाली केली, तेव्हा आत आलेला वास वेगळा होता. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि वास हुंगत हुंगत ओढ्याकाठच्या पंपघरापर्यंत गेली.

पंपघर कित्येक वर्षं बंद पडलेलं. त्याच्या तारेच्या कुंपणावर हॉप्सचा एक रानटी वेल चढून थेट पत्र्यापर्यंत गेला होता आणि बोटाच्या पेराएवढ्या हिरव्या फुलांनी लगडला होता. असे वेल दरीत जागोजागी उगवतात. बहुतेकांना गवताचा नाहीतर लसणाचा वास येतो. ग्वेंडाने एक फूल खुडलं, तळहातांवर चोळलं. पिवळी चिकट भुकटी हाताला लागली. तिने ओंजळीत नाक खुपसलं. आधी लिंबाची साल, मग पिकलेलं पॅशनफ्रूट, आणि सगळ्याच्या मागे काहीतरी जुनं, ओळखीचं, पण नाव न सापडणारं. तिने दुसरं फूल चोळलं, मग तिसरं. मग ती परत येऊन व्हॅनच्या पायरीवर बसली आणि बसूनच राहिली.

एकसष्ट वर्षांची ही बाई गेली अकरा वर्षं घरामागच्या शेडमध्ये बिअर गाळत होती. तिच्या वहीत दोनशे चौदा प्रयोगांची नोंद होती. त्यातले निम्मे पिण्याजोगे, चाळीसेक चांगले आणि एक स्फोटक. त्या एकाच्या बाटल्या जानेवारीच्या उन्हात फुटल्या होत्या आणि कॉलिनचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, टोमॅटो काचेखाली गेले होते. बिटाची बिअर, भाजलेल्या सफरचंदांची बिअर, निलगिरीच्या धुरावर धरलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, बिअर, सगळं तिने करून पाहिलं होतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी गावातले घरगुती बिअरवाले बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये जमत, तेव्हा ग्वेंडाची बाटली उघडायच्या आधी लोक खुर्च्या जरा मागे सरकवत.

रॅन्सलीबाई फाटकाशी आल्या. शहाऐंशी वर्षांच्या, हातात काठी. पेपर अजून का आला नाही, असं त्या विचारायला आल्या होत्या. ग्वेंडाने आपले हात त्यांच्या नाकापुढे धरले.

"अगं, हा तर रॉयचा वेल," त्या म्हणाल्या.

रॉय म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. मळ्यात त्यांच्या हाताखाली रोपं वाढायची. त्यातलं एक निकामी म्हणून फेकायला काढलेलं रोप त्यांनी घरी आणलं आणि पंप चालू असताना बसायला सावली हवी म्हणून तिथे लावलं. नाव नाही, गाव नाही. रॉय गेल्यावर बाईंनी तीस वर्षं त्या वेलाला तण म्हणून शिव्या घातल्या होत्या.

"मी थोडी फुलं नेऊ का?" ग्वेंडाने विचारलं.

"सगळी ने. पण जे काही करशील ते मला आणून पाज. डॉक्टरला सांगायचं नाही."

त्या दिवशीचं उरलेलं टपाल ग्वेंडाने कसं वाटलं, हे तिचं तिलाच आठवत नव्हतं. काम संपताच ती घरून चार उशांचे अभ्रे घेऊन परत आली आणि शिडी लावून वेल खुडला. हात काळे झाले, मनगटांवर ओरखडे उठले. घरी आल्यावर तिने एक अभ्रा चहा पीत बसलेल्या कॉलिनपुढे टेबलावर उपडा केला. कॉलिन बिअरच्या थेंबालाही शिवत नसे. पण त्याने चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली होती आणि वासाच्या बाबतीत ग्वेंडा त्याच्याशिवाय कुणाला मानत नसे. त्याने एक फूल चोळलं, डोळे मिटले.

"ह्युऑन पाइन," तो म्हणाला. "नुकतं चिरलेलं."

तेच होतं ते, इथल्या जंगलातलं सुगंधी लाकूड. ग्वेंडा टाळी वाजवून हसली आणि तडक शेडमध्ये गेली.

ताजी फुलं दिवसभराच्या आत भांड्यात पडली नाहीत तर बिघडतात. तेव्हा त्याच दुपारी तिने माल्ट भिजवला, गोड पाणी गाळून उकळत ठेवलं आणि आनंदाच्या भरात दोन अभ्रे फुलं त्यात ओतली. हावरटपणा झाला, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पाचेक आठवड्यांनी क्लबमध्ये बाटली उघडली. क्लबचा अध्यक्ष लिंडसे ट्रिफिट याने पहिला घोट घेतला. लिंडसेने तीस वर्षं हॉप्सच्या मळ्यात काम केलं होतं, दरीतल्या स्पर्धेत तो लागोपाठ तीनदा पहिला आला होता, आणि ही दुसरी गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

"ग्वेंडा," तो ग्लास उजेडाकडे धरून म्हणाला, "हे मी पिऊ की गाईला घालू?"

सगळे हसले. तीही हसली, कारण चव खरोखरच कापलेल्या हिरवळीसारखी होती. पण लिंडसेने ग्लास खाली ठेवला नाही. त्याने पुन्हा वास घेतला, मग पुन्हा. त्या हिरवळीखाली काहीतरी दडलंय, हे त्यालाही कळलं होतं. फुलं कुठली, म्हणून त्याने विचारलं. रस्त्याकडेची, एवढंच तिने सांगितलं.

उरलेले दोन अभ्रे तिने वाळवले होते. त्यासाठी खिडक्यांच्या जाळ्या काढून कॉलिनच्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे सुट्टीवर गाडीला जोडून न्यायच्या फिरत्या खोलीत, एकावर एक मांडल्या होत्या आणि हीटर लावला होता. कॅरॅव्हॅनला जो वास लागला तो अजून गेलेला नाही. कॉलिन म्हणतो की सुट्टीवर गेलं की शेजारच्या तंबूतली माणसं काही ना काही निमित्त काढून डोकवायला येतात.

आता ती शहाणी झाली होती. एक मोठं पातेलं लावण्याऐवजी तिने चार-चार लिटरची सहा लहान पातेली लावली. कडवटपणासाठी सगळ्यांत दुकानातले नेहमीचे हॉप्स आणि रॉयची फुलं फक्त वासासाठी. एकात ती उकळी संपायच्या दहा मिनिटं आधी टाकली, एकात आच बंद करताना, एकात मोजून निम्मी. पाचव्या पातेल्यात तिने आच बंद केली, पाणी ऐंशी अंशांवर येऊ दिलं, मग फुलं घालून वीस मिनिटं झाकून ठेवलं आणि बिअर आंबायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी आणखी एक मूठ टाकली. जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, शेडच्या पत्र्यावर दहिवर गोठलं होतं त्या सकाळी, तिने सहा पेले ओळीने मांडले. पहिले चार बरे होते. पाचव्याचा घोट घेतला आणि ती उभीच राहिली. लिंबू, पॅशनफ्रूट, ते लाकूड, सगळं एकामागून एक आलं आणि घोट उतरल्यावरही जिभेवर राहिलं. सहावा तिने चाखलाच नाही. स्लिपर घालूनच ती घरात धावली आणि कॉलिनला म्हणाली, एक घोट घे, आयुष्यात पुन्हा कधी सांगणार नाही. त्याने घेतला. तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, "बिअर आहे ती बिअरच. पण गिरणीत उभं असल्यासारखं वाटलं खरं."

पाचव्या पातेल्याच्या अकरा बाटल्या भरल्या होत्या. त्यातली एक रॅन्सलीबाईंकडे गेली. त्यांनी ती दुपारच्या जेवणाबरोबर हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. रॉयला बिअर आवडायची, पण आपल्याच वेलाची त्याने कधी केली नाही, असं त्या म्हणाल्या आणि खिडकीतून बराच वेळ पंपघराकडे बघत राहिल्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी त्याच पेटीत ग्वेंडाने एक लांबट सरकारी पाकीट टाकलं. बाईंनी ते तिच्यासमोरच फोडलं आणि चष्मा नसल्याने वाचायला तिच्याच हाती दिलं. ओढ्यावरचा पूल रुंद करायचा होता. पंपघर पडणार, काठ साफ होणार, काम गुरुवारी सुरू. आधीचं पत्र म्हणे मार्चमध्येच येऊन गेलं होतं. ते बाईंनी जाहिरात समजून चुलीत घातलं होतं.

वेल थंडीत वर सुकला होता, पण जमिनीखाली जिवंत होता. खालचे कंद शाबूत निघाले तर दुसरीकडे लागणार होते. मात्र हॉप्सचे कंद खणणं हे काही ग्वेंडाचं काम नव्हतं. चुकीच्या जागी कुदळ बसली की सगळं संपलं. दरीत हे काम डोळे मिटून करू शकेल असा एकच माणूस होता आणि नेमक्या त्याच माणसापासून तिने हा वेल सहा महिने लपवला होता. तिने व्हॅनमधूनच फोन लावला.

लिंडसेने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तो गाईचा चारा?" त्याने विचारलं.

"तोच. आता चांगला झालाय. चाखायला देते, पण आधी खणायला ये."

"बाटली आधी."

तिने बाटली नेऊन दिली. त्याने ती स्वयंपाकघरात उभ्यानेच उघडली, एक घोट घेतला आणि लगेच दुसरा. मग त्याने फोन उचलला आणि क्लबातल्या एकेकाला कामाला लावलं.

गुरुवारी सकाळी बारीक पाऊस होता. चौदा माणसं फावडी, पोती आणि ओला भुसा घेऊन ओढ्याकाठी जमली. खोदयंत्र आधीच येऊन उभं होतं. लिंडसेने चालकाला जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने घड्याळ पाहिलं, खिशातून मांस भरलेली पेस्ट्री काढली आणि तासभर देतो म्हणाला. लिंडसे गुडघ्यांवर बसला. फावडं त्याने लांबूनच चालवलं, जवळची माती हातांनी उकरली. ग्वेंडा त्याच्यासमोर चिखलात. तीसहून अधिक वर्षांत ते मूळ कुंपणाच्या पायाखाली, पंपघराच्या भिंतीखाली, जिथे वाट मिळेल तिथे घुसलं होतं.

"ओढू नकोस," लिंडसे मधूनच गुरकावला. "हे टपाल नाहीये."

"आणि तूही भाषण देऊ नकोस. ही सभा नाहीये."

कोंबांचे डोळे दिसत असलेला, अंगठ्याएवढा जाड पहिला तुकडा वर आला तेव्हा काठावरच्या माणसांनी अशी आरोळी ठोकली की चालक पेस्ट्री हातात घेऊन खाली उतरला आणि स्वतःच एक फावडं मागून घेतलं. तास संपेपर्यंत एकोणीस तुकडे ओल्या भुशात गुंडाळले गेले होते. रॅन्सलीबाई रेनकोट घालून फाटकाशी उभ्या होत्या. पहिला तुकडा त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावायचा, हे ग्वेंडाने कुणाला न विचारता ठरवून टाकलं. बाकीचे घरोघर गेले. साडेदहाला पंपघर पडलं. कुणी तिकडे पाहिलंही नाही, सगळे आपापली पोती मोजत होते.

नोव्हेंबरच्या स्पर्धेत ग्वेंडाने पाचव्या पातेल्याच्या राहिलेल्यातल्या चार बाटल्या दिल्या. ती दुसरी आली. पहिला लिंडसेच आला, आपल्या काळ्या बिअरमुळे, आणि बक्षीस घेताना त्याने सांगितलं की परीक्षकांनी आज चूक केली आहे, पण ती आपल्याला मान्य आहे. त्यानंतर अर्धा हॉल ग्वेंडाभोवती जमला. ती कॉलिनच्या कॅरॅव्हॅनपासून ऐंशी अंशांपर्यंत सगळं सांगत सुटली. घसा बसला तेव्हा थांबली.

एकोणीसपैकी सोळा तुकडे रुजले. पहिल्या वर्षी वेल फार देत नाही. कुणाकडे टोपलीभर फुलं निघाली, कुणाकडे टोपीभर. मार्चच्या एका शनिवारी सगळ्यांनी पहाटे खुडली आणि सकाळी आठला बोलिंग क्लबच्या आवारात आणली. सगळी मिळून साडेपाच किलो. रॅन्सलीबाईंनी आपली एका केकच्या डब्यात पाठवली होती. शंभर लिटरच्या पातेल्याखाली जाळ पेटला आणि भांडण सुरू झालं. लिंडसेला गडद माल्ट हवा होता, दुसऱ्या कुणाला गहू. ग्वेंडाला मिरीची रानटी फळं घालायची होती. तिच्या बाजूने तीन हात वर झाले, विरोधात अकरा. ठीक आहे, म्हणून तिने पातेल्यातलं चार लिटर पाणी बादलीत काढून घेतलं, बाजूला आपली लहान शेगडी पेटवली आणि मिरी कुटायला घेतली.

"तू ऐकणार नाहीसच का?" लिंडसेने विचारलं.

"नाही. फुलं दे इकडे, मूठभर. भरून दे, लिंडसे, मूठ अशी असते होय?"

त्याने भरून दिली. वाफ वर चढली, सगळ्या आवारात तो वास पसरला आणि रस्त्यावरून जाणारी एक गाडी आपोआप हळू झाली. ग्वेंडाने वही उघडून नवा आकडा घातला, दोनशे एक्केचाळीस, आणि पुढे लिहिलं: रॉय, ताजा. मिरी पाच फळं. मग थोडा विचार करून पाचाचे सात केले.